तायडे मॅडम आणि 'तोच का तसाच'

आमच्या स्टाफरूमच्या तीन भिंती विटांच्या होत्या आणि एक प्लायवुडची. प्लायवुडच्या पलीकडे कॉम्प्युटर लॅब. नकाशात ती भिंतही पक्की दाखवलेली होती, त्यामुळे तपासणीला समिती आली की आम्ही तिला त्या बाजूला पाठ करून बसवायचो आणि चहा समोरून द्यायचो. दिग्रसच्या जिनिंगांच्या पुढे, कपाशीच्या वावरांना लागून असलेल्या त्या कॉलेजात मी संवादकौशल्य हा विषय शिकवत असे. तिथे या विषयाची निकड कोणालाच नव्हती. प्राचार्य नोटीस लावून बोलत, अध्यक्ष प्राचार्यांमार्फत बोलत आणि विद्यार्थी बोलतच नसत. म्हणून माझा बराच वेळ स्टाफरूममध्ये जायचा आणि प्लायवुडमधून जावा कानावर पडायची.

जावा ही कॉम्प्युटरची एक भाषा आहे, हे मला अमरावतीला आईला फोनवर समजावून सांगावं लागलं होतं. "आमच्याकडे एक मॅडम जावा शिकवतात," असं मी म्हटल्यावर ती म्हणाली होती, "जावांना काय शिकवायचं? त्या सगळं शिकूनच येतात."

त्या मॅडम म्हणजे कुंदा तायडे.

त्यांचा पहिला आवाज मी ऐकला तो असा: "तोच हाय का तसाच हाय? नीट पाहून सांग." मला वाटलं, कोणाचा तरी हरवलेला डबा सापडला. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मग आणखी कोणाला तरी तेच. शेवटी मी उठून दारातून डोकावलो. चाळिशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, तोंडाला घट्ट दुपट्टा बांधलेल्या एक बाई एका पोराच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. कापसाच्या हंगामात जिनिंगांतून उडणारी रुई त्यांना सोसत नसे, म्हणून दिवाळीपासून होळीपर्यंत त्यांचा चेहरा कोणाला फारसा दिसायचा नाही. आवाज मात्र दुपट्ट्यातूनही खणखणीत. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. चालू इंजिनावरून बोलायची सवय घरातच लागली, असं त्या सांगायच्या.

त्यांचा एक नियम होता. विद्यार्थ्याच्या कीबोर्डला त्या कधी हात लावायच्या नाहीत. पोरगं कितीही अडलेलं असो, प्रोग्राम कितीही लाल झालेला असो, त्या मागे उभ्या राहून विचारत राहायच्या. "काय विचारलं तू त्याले? वाच. मोठ्यानं वाच." बाकीच्या मास्तरांना हा वेळेचा अपव्यय वाटायचा. ते दोन मिनिटांत उत्तर टाइप करून देत आणि उरलेला तास मोबाईल पाहत. मॅडम म्हणायच्या, "त्याचं जेवन मी जेवली तं त्याचं पोट भरंन का?"

वर्गात दोन अक्षय राठोड होते. एक उंच, एक बुटका. आजूबाजूच्या तांड्यांवरून येणाऱ्या मुलांत राठोडांचा भरणा मोठा, त्यामुळे याचं कोणाला नवल नव्हतं. एके दिवशी पवन नावाच्या मुलाचा प्रोग्राम अडला. त्याने पासवर्ड विचारणारा प्रोग्राम लिहिला होता आणि बरोबर पासवर्ड टाकूनही मशीन 'चूक' म्हणत होतं.

"मॅडम, हा कॉम्प्युटर पागल झाला."

"तो पागल नाई होत. सांगतलं तेवढंच आयकते बिचारा. तू काय विचारलं त्याले?"

"का पासवर्ड बरोबर हाय का."

"हे नाई विचारलं तू. वाच."

पवनने वाचलं. जर आलेला शब्द इक्वल-इक्वल 'कापूस', तर दार उघड.

मॅडमनी वळून हाक दिली, "अक्षय राठोड, उभा राह्य!" दोन्ही उभे राहिले. "पवन, यायचं नाव सारखं हाय का?"

"हाव."

"अक्षर न् अक्षर?"

"हाव मॅडम."

"मंग याची परीक्षा त्यानं देली तं चालते?"

"चालते मॅडम!" मागच्या बाकावरून दोन्ही अक्षयांच्या मित्रांनी एकमुखाने सांगितलं.

हशा ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "दोन बरोबरच्या खुणा टाकल्या का जावा इचारते, हा तोच माणूस हाय का. शब्द मशीनमधे कोन्या जागी ठेवला ते तपासते, नाव नाई. तुले फक्त नाव जुळवाचं हाय. मंग इक्वल-इक्वल नको, इक्वल्स म्हणून विचार. ते अक्षरं जुळवते. तोच पाह्यजे का तसाच पाह्यजे, हे पैले तू ठरव. मशीन नाई ठरवत."

हे ऐकून माझ्या घरात वेगळंच झालं. बायकोने दुपारी ताट वाढलं आणि मी विचारलं, "ही कालचीच भाजी का?" ती नाही म्हणाली. मी म्हटलं, "म्हणजे तीच नाही, पण तशीच?" त्यानंतर दोन दिवस मला चहा स्वतः करून घ्यावा लागला.

प्राचार्य गावंडे आणि मॅडम यांचं जमणं शक्यच नव्हतं. सरांचं सगळं आयुष्य 'समजून घ्या ना' या तीन शब्दांवर चाललेलं. त्यांनी एकदा फाटकावर नोटीस लावली: ज्यांच्या अंगावर गणवेश नसेल आणि ज्यांच्याजवळ ओळखपत्र नसेल, त्यांना प्रवेश नाही. मॅडम नोटीस वाचून थेट त्यांच्या खोलीत गेल्या. मी तिथेच रजेचा अर्ज घेऊन उभा होतो.

"सर, हे 'आणि' हाय का 'किंवा'?"

"म्हणजे?"

"दोन्ही नसंन तवाच अडवाचं, का एक नसलं तरी अडवाचं?"

"अहो मॅडम, समजून घ्या ना."

"मी घेते जी समजून. पोट्टे बी घेतील. पन तुमच्या मतलबाचं नाई घेनार."

सरांनी हसून विषय टाळला. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वर्षाची सगळी मुलं गळ्यात ओळखपत्र आणि अंगात वाट्टेल ते घालून आली. एकाने भावाच्या लग्नाची शेरवानी घातली होती, डोक्यावर फेटाही होता. शिपायाने अडवलं तर त्याने नोटिशीवर बोट ठेवून 'आणि' हा शब्द मोठ्याने वाचून दाखवला. शिपाई प्राचार्यांकडे गेला, प्राचार्यांनी नोटीस काढून टाकली. मॅडमनी ही मुलं चिथवली असा त्यांचा पक्का समज झाला. मॅडम म्हणाल्या, "मी काहून चिथवू? वाचता येते त्यायले."

बुद्धपौर्णिमेला त्या घरून खिरीचं पातेलं आणायच्या आणि पहिली वाटी प्राचार्यांना द्यायच्या. सर खीर खायचे, छान झाली म्हणायचे आणि पुढच्या वर्षीच्या करारावर सही करायला महिनाभर लावायचे. मॅडम आमच्यासारख्या कायम नव्हत्या.

आता हर्षलची गोष्ट सांगायला हवी. हर्षल म्हणजे संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब यांचा पुतण्या, तिसऱ्या वर्षात मॅडमचाच विद्यार्थी. डोकं बरं, पण घाई फार. त्याने शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून 'डिजिटल स्वागत' नावाचा प्रोग्राम केला. पाहुण्याने नाव टाइप करायचं. ओळख पटली की पडद्यावर मानाचा मजकूर येणार आणि सनई वाजणार. ओळख पटली नाही तर 'क्षमस्व, आपली ओळख पटली नाही' एवढंच. नानासाहेबांना हे इतकं आवडलं की त्यांनी कॉलेजच्या पटांगणात मांडव घालून उद्घाटनच ठेवलं. दारव्ह्याकडच्या एका संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब यांना मुद्दाम पाहुणे म्हणून बोलावलं. दोघांचं वैर साऱ्या तालुक्याला माहीत होतं. अण्णासाहेबांच्या कॉलेजात असलं काही नाही, हे नानासाहेबांना मिरवायचं होतं.

नारळ फुटला. नानासाहेबांनी एका बोटाने स्वतःचं नाव टाइप केलं. मागच्या भल्या मोठ्या पडद्यावर अक्षरं उमटली: क्षमस्व, आपली ओळख पटली नाही.

नानासाहेबांनी पुन्हा टाइप केलं. पुन्हा क्षमस्व. प्राचार्य टाळ्या वाजवायला उठले होते, ते तसेच हात जोडून उभे राहिले.

"तायडे मॅडम! पाहा बरं जरा."

मॅडम स्टेजवर गेल्या. पडद्यावर हर्षलचा प्रोग्राम उघडला गेला होता. चूक त्यांना पहिल्याच नजरेत दिसली असणार. प्लायवुडच्या कृपेने ती मलासुद्धा दिसली. इक्वल-इक्वल. एक शब्द बदलला असता तर सनई वाजली असती. मॅडमनी दोन्ही हात मागे बांधले.

"हर्षल, काय विचारलं तू त्याले?"

माईक चालू होता. प्रश्न पटांगणभर घुमला.

"नाव बरोबर हाय का, हे."

"वाच."

त्याने वाचलं. "बरोबर तं हाय मॅडम. घरी चालत होतं."

"घरी नाव कुठून देल्लं?"

"प्रोग्राममधेच लिहून ठेवलं होतं."

"मंग ते चालनारच. तूच लिहिलेलं नाव तू तुह्याच नावाशी जुळवत होता. जावानं जागा वाचवाले दोन्ही एकाच ठिकानी ठेवले, म्हनून ते तेच निघालं. आज नानासाहेबांनं बाहेरून टाइप केलं. अक्षरं तेच, जागा वेगळी." मग त्या नानासाहेबांकडे वळल्या. "तुमी उभेच राह्या जी. हर्षल, हे पाह्य. हे आपले नानासाहेब. समजा, दुसऱ्या गावचे एक नानासाहेब आले. नाव सारखं. तं ते तेच हायेत का तसेच हायेत?"

पहिल्या रांगेत अण्णासाहेब पोट धरून हसले. मग मांडव हसला. हर्षलचे कान लाल झाले. त्याला उत्तर येत होतं असं मला आजही वाटतं, पण त्या हशात कोणाला काय सुचणार?

"मॅडम, दुरुस्त करा ना," प्राचार्य दातांतून बोलले. "एक शब्द तर आहे."

"एकच हाय सर. त्यालेच सापडला पाह्यजे."

प्राचार्यांनी मग प्रशासनाचा सगळा अनुभव पणाला लावला. "अरे हर्षल, ते 'ओळख पटली नाही' वाक्यच काढून टाक. वाक्यच नसेल तर येईल कुठून?"

हर्षलने ते वाक्य आणि त्याच्या मागचं 'नाहीतर' दोन्ही उडवलं. त्या गडबडीत वरच्या अटीच्या शेवटी त्याच्या हातून एक अर्धविराम पडला. जावामध्ये 'जर'ची अट लिहून लगेच अर्धविराम दिला की अट तिथल्या तिथे संपते. खालचं स्वागत मग कोणत्याच अटीचं राहत नाही, ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचं होतं. मी मॅडमकडे पाहत होतो. त्यांची नजर त्या अर्धविरामावर थांबली. दुपट्ट्याआड तोंड किंचित हललं आणि पुन्हा बंद झालं.

नानासाहेबांनी नाव टाकलं. सनई वाजली. 'सुस्वागतम्, अध्यक्ष महोदय!' टाळ्यांचा कडकडाट झाला. कौतुकाच्या भरात नानासाहेबांनी पाहुण्यांनाही बोलावलं. अण्णासाहेबांनी स्वतःचं नाव टाइप केलं. सनई वाजली. पडद्यावर आलं: 'सुस्वागतम्, अध्यक्ष महोदय!'

अण्णासाहेबांनी पडद्याला नमस्कार केला. "नानासाहेब, तुमच्या कॉम्प्युटरले पुढचं दिसते वाटते."

नंतर गर्दीतून कोणीही वर जाऊन बोट लावू लागलं. कॅन्टीनचा आचारी अध्यक्ष झाला, मांडववाला अध्यक्ष झाला, शेरवानीवाला मुलगा दोनदा झाला. प्राचार्यांनी शेवटी वायर उपटली. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात 'हायटेक स्वागताने पाहुणे भारावले' अशी बातमी होती.

संध्याकाळी स्टाफरूममध्ये मी मॅडमना विचारलं, "अर्धविराम तुम्हाला दिसला होता ना?"

"दिसला होता."

"मग?"

त्यांनी दुपट्टा सोडला, झटकला, पुन्हा बांधला.

हर्षल त्यानंतर त्यांच्या तासाला आला नाही. प्राचार्यांनी मॅडमना बोलावून 'अध्यक्षांची ओळख पटवून देण्यात कसूर' असे शब्द वापरले आणि पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी पाहू, असं सांगितलं. याचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळला. तो 'समजून घेण्या'चा होता.

एवढ्यावर हे थांबलं असतं. पण अध्यक्षांच्या कौतुकापोटी कॉलेजचा निकालही त्या वर्षी हर्षलच्याच दुसऱ्या एका प्रोग्रामवर लागला. निकाल आला आणि नापास झालेले सोडून सगळे नुसते 'उत्तीर्ण'. प्रथम श्रेणी कोणाला नाही, विशेष प्रावीण्य कोणाला नाही. प्राचार्य खूश होते. कोणाला कोणाचा हेवा वाटण्याचं कारणच उरलं नव्हतं.

वर्गात पल्लवी राठोड नावाची मुलगी होती. दिग्रसजवळच्या तांड्यावरून रोज जीपने यायची, वर्गात बोलायची कमी आणि लिहायची नेमकं. तिला नागपूरच्या एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. कंपनीला विशेष प्रावीण्याचं प्रमाणपत्र हवं होतं. तिचे गुण तेवढे होते, शेरा नव्हता. ती प्राचार्यांकडे गेली.

"बेटा, निकाल संगणकाने दिला आहे," सर म्हणाले. "संगणक जात पाहत नाही, पात पाहत नाही."

तो गुणही पाहत नव्हता, हे त्यांना सांगणार कोण? हाताने दुरुस्त करून द्या, असं ती म्हणाली, तर सरांनी कानाला हात लावला. हाताने केलं तर डिजिटल कसं राहील? आणि मूळ प्रोग्राम हर्षलच्या लॅपटॉपवर होता. तो कॉलेजात पाऊल ठेवत नव्हता.

पल्लवी स्टाफरूममध्ये आली तेव्हा मॅडमनी निकाल पाहूनच रोग ओळखला. "पोट्ट्यानं खालची अट वर टाकली. पैलेच इचारलं का पासापुरते गुण हाय का. ज्याले नव्वद हाय त्यालेही ते हायच ना? तो तिथंच 'उत्तीर्ण' होऊन बाहेर पडला. विशेष प्रावीण्याची ओळ खाली बसून वाट पाहून राह्यली, तिच्यापर्यंत कोनी पोचूनच नाई राह्यलं. ओळी उलट्या केल्या का झालं."

"मंग त्याले सांगा ना मॅडम."

"तो माह्याशी बोलत नाई."

पल्लवी दारात उभी होती. ती आवाज न चढवता म्हणाली, "तवा स्टेजवर एक शब्द सांगून देला असता, तं बोलला असता."

ती गेली. मॅडमनी उठून स्कूटीची किल्ली घेतली आणि मला म्हणाल्या, "चला सर. संवादकौशल्यवाला मानूस संग असू द्या."

भर दुपारी, दुपट्टेवाल्या बाईंच्या मागे स्कूटीवर बसून, मी दिग्रसच्या बाजारपेठेतून अध्यक्षांच्या बंगल्यावर गेलो. रस्त्यात माझे तीन विद्यार्थी भेटले. त्यांनी फार अदबीने नमस्कार केला.

हर्षल व्हरांड्यात आला, पण खांबाला टेकून उभा राहिला. मॅडमनी दुपट्टा सोडला. त्यांचा चेहरा त्या हंगामात त्याने पहिल्यांदाच पाहिला असेल.

"हर्षल, त्या दिवशी मी तुले शिकवत नव्हती. मले येते, हे मी लोकायले दाखवत होती. तुले हसले ते माह्यामुळं हसले. अन् तो अर्धविराम मले दिसला होता. दिसून मी गप्प राह्यली. ते चुकलं माह्यं."

हर्षल खांबापासून बाजूला झाला. आत जाऊन लॅपटॉप घेऊन आला आणि त्यांच्यासमोर खाली बसला. निकालाचा प्रोग्राम उघडला.

मॅडम स्क्रीनकडे वाकल्या. इतक्या वर्षांत न घडलेली गोष्ट घडली. त्यांचा हात पुढे झाला, बोट ओळीवर गेलं. "हे पाह्य, ही ओळ..."

"थांबा मॅडम," हर्षल म्हणाला. "सांगू नका. पाहू द्या मले."

हात मागे गेला. आम्ही थांबलो. आतून कोणीतरी पाणी आणून ठेवलं. हर्षल ओठ हलवत वाचत होता. जर पासापुरते असतील, तर उत्तीर्ण. नाहीतर जर... तो थांबला. पुन्हा वरून वाचू लागला. मध्येच त्याने कपाळावर तळवा मारला.

"म्हंजे विशेष प्रावीण्य कोनालेच भेटलं नाई?"

"कोनालेच नाई."

"अन् माह्या फर्स्ट क्लासचं काय?"

"गेला," मॅडम म्हणाल्या. "तूच घालवला."

दोघंही हसले. त्याने ओळी खालीवर केल्या, पल्लवीचे गुण टाकून पाहिले. शेरा बरोबर आला. तेवढ्यात नानासाहेब झोपेतून उठून बाहेर आले.

"काय चाल्लं?"

"काका, माह्या प्रोग्राममधे चूक हाय. साऱ्या कॉलेजचा निकाल चुकला. तो पुन्हा लावा लागते."

"तुह्या प्रोग्राममधे चूक नसते," नानासाहेब शांतपणे म्हणाले. "पेपरात आलं हाय."

"आलं असंन. पन मीच केलती चूक."

नानासाहेब माझ्याकडे वळले. "सर, तुमी तं संवादवाले. समजावा याले."

माझ्या विषयाची इतक्या मोठ्या माणसाला गरज पडण्याचा तो एकमेव प्रसंग. मी आणखी पाणी मागितलं.

हर्षलने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी तो प्राचार्यांच्या खोलीत जाऊन बसला आणि नवा निकाल छापून होईपर्यंत उठला नाही. अध्यक्षांच्या पुतण्याला उठवणार कोण? पल्लवीला प्रमाणपत्र मिळालं. ती नागपूरला गेली आणि नोकरीला लागली. मॅडमना तिने फोन केला. पलीकडून ती बोलत होती आणि मॅडम नुसतं "हाव, हाव" म्हणत नाकाला दुपट्टा लावत होत्या. रुईचा हंगाम तेव्हा संपलेला होता.

संस्थेने या सगळ्याचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला. 'निकालप्रणालीत क्रांतिकारी सुधारणा' केल्याबद्दल हर्षलचा सत्कार झाला. त्याने माईकवर सरळ सांगितलं, "चूक मीच केलती, अन् तायडे मॅडमनं बसवून घेतलं म्हनून सापडली." लोकांना ती नम्रता वाटली, त्यांनी दुप्पट टाळ्या वाजवल्या. मॅडमना सत्काराचं बोलावणं नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांचा करारही आला नाही. प्राचार्य म्हणाले, "आपल्याकडे जावा आता स्वयंपूर्ण झाली आहे." नवे सर आले. ते उत्तरं फळ्यावर लिहून देत, मुलं उतरवून घेत. प्लायवुडमधून मला फक्त खडूचा आवाज यायचा.

त्यानंतर मॅडम मला एकदाच दिसल्या. परीक्षेच्या कामासाठी मी पांढरकवड्याला गेलो होतो. काम लवकर आटोपलं म्हणून महामार्गाच्या कडेने बसस्टँडकडे चाललो होतो. ट्रक दुरुस्तीच्या दुकानांच्या रांगेत, एका पत्र्याच्या खोलीवर कॉम्प्युटर क्लासची पाटी होती. आतून ओळखीचा खणखणीत आवाज आला. मी खिडकीपाशी थांबलो.

आत बऱ्याचशा मुलीच होत्या, जंगलाकडच्या पोडांवरून, म्हणजे आदिवासी वस्त्यांवरून, आलेल्या. मॅडमनी फळ्यावर प्रोग्राम लिहिला होता. आलेल्या नावाला विचारायचं, तू आमच्याकडच्या नावासारखं आहेस का? असेल तर आत घ्यायचं. पुढच्या बाकावर एक बारीकशी मुलगी उभी राहिली.

"मॅडम, नाव आलंच नसंन तं?"

"आलंच नसंन म्हंजे?"

"म्हंजे कोनी देल्लंच नाई. तिथं कोनीच नाई. मंग तुमी विचारता कोनाले?"

मॅडम फळ्याकडे वळल्या. बाहेर एक ट्रक सुरू होऊन निघून गेला, तोवर त्या आपलीच ओळ पुन्हा वाचत होत्या. नावच नसेल तर त्यांचा प्रोग्राम तिथेच कोसळणार होता. मी त्यांचा आवाज इतकी वर्षं ऐकला होता, पण त्यांनी लिहिलेल्या ओळीत कोणाला खोट काढताना पहिल्यांदा पाहिलं.

"मंग कसं विचारावं?" त्यांनी विचारलं.

"उलटं विचारा ना. आपल्याकडचं नाव तं हाय. त्याले विचारा, समोर जे आलं ते तुह्यासारखं हाय का. समोर काहीच नसंन तं ते 'नाई' म्हनंन. पडनार तं नाई."

मॅडमनी खडू तिच्या हातात दिला. मुलगी घाबरत फळ्याशी गेली आणि ओळ पुसून नवी लिहू लागली. मॅडम तिच्या रिकाम्या जागेवर, दोन मुलींच्या मध्ये, अंग चोरून बसल्या. मुलीने लिहून झाल्यावर मागे वळून पाहिलं.

तेवढ्यात तायडे मॅडमनी बाकावरून हात वर केला.

"मॅडम," फळ्याशी उभ्या असलेल्या मुलीला त्या म्हणाल्या, "मले नाई समजलं. एकदा अजून सांगा जी."